परवानगी कुणाची? घरगुती मीडिया प्लेयरची एक चिकित्सा

संयोजकांनी विषय विचारला तेव्हा मी एवढंच म्हणालो, की 'स्वत्वा'वर बोलेन. त्यांना वाटलं, मी आत्म्याबद्दल बोलणार. (हशा) तर तसं नाही. मी टीव्हीखाली ठेवलेल्या एका छोट्या डबीबद्दल बोलणार आहे. आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी ती असेल. मुलाने किंवा नातवाने आणून जोडून दिलेली. घरातल्याच हार्ड डिस्कवरची गाणी, फोटो, चित्रपट ती घरातल्याच नेटवर्कवरून घेते आणि टीव्हीवर किंवा स्पीकरवर लावते.

सुरुवात एका प्रसंगाने करतो. माझ्या दादाने पूर्वी आईच्या जात्यावरच्या ओव्या कॅसेटवर घेऊन ठेवल्या होत्या. पुढे पुतण्याने त्या संगणकावर उतरवल्या. आईच्या तिथीला त्या लावायच्या, असं आमचं ठरलेलं. एका वर्षी पावसाने इंटरनेट बंद पडलं होतं. डबी सुरू केली, तर टीव्हीवर अक्षरं आली : 'साइन इन करा'. साइन इन करायला इंटरनेट हवं. आवाज आमच्या आईचा, डिस्क आमची, डबी आमच्या पैशाने घेतलेली, दोघींमध्ये जेमतेम दीड हाताचं अंतर. वहिनी म्हणाली, "भाऊजी, आपल्याच आईला ऐकायला कुणाला विचारायचं?" मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, पण त्या वेळी मला उत्तर देता आलं नाही. त्या कंपनीचं नाव मी घेत नाही, कारण मुद्दा एका कंपनीचा नाही. वहिनीचा प्रश्न मात्र मी आज आपल्यासमोर ठेवणार आहे.

आधी हे तंत्र मुळात कसं होतं ते पाहू. 1999 साली यूपीएनपी नावाचा एक मंच स्थापन झाला. कल्पना साधी होती. घरातली यंत्रं एकमेकांना आपली आपण सापडली पाहिजेत. जुन्या वाड्यात चौकात उभं राहून कुणी विचारायचं, "कोण कोण आहे रे घरात?" आणि प्रत्येक बिऱ्हाडातून ओ यायची. तसंच हे. यंत्र नेटवर्कवर सर्वांना एक हाक देतं आणि बाकीची यंत्रं सांगतात, 'मी टीव्ही आहे', 'मी साठवणीचं यंत्र आहे'. त्यात तीन भूमिका मानल्या आहेत : सामान सांभाळणारा, वाजवणारा आणि हुकूम देणारा. तिघेही घरातलेच. बाहेरच्या कुणाला विचारायची सोयच त्यात नव्हती, कारण गरज नव्हती.

2003 साली सोनी, इंटेल, मायक्रोसॉफ्ट अशा कंपन्यांनी एकत्र येऊन जी संघटना काढली, ती पुढे डीएलएनए म्हणून ओळखली गेली. कुठल्याही कंपनीचा टीव्ही कुठल्याही कंपनीच्या साठवणीतलं चित्र दाखवू शकला पाहिजे, असं तिचं वचन होतं. समीक्षक म्हणून मला सांगायला हवं, की हे वचन अर्धंच पाळलं गेलं. घरच्या यंत्रांना सक्तीचे म्हणून जे प्रकार ठरवले ते अगदी मोजके होते. लोकांच्या डिस्कवर सगळीकडे असलेला एमपी3सुद्धा सक्तीचा नव्हता, ऐच्छिक होता! मग व्हायचं काय, की टीव्हीला फाइल दिसायची पण लागायची नाही. नाव दिसतं, आवाज नाही. त्यावर तोड म्हणून सर्व्हरने मध्ये दुभाष्याचं काम करायचं, म्हणजे फाइल चालता चालता टीव्हीला कळेल अशा भाषेत बदलून द्यायची, ही पद्धत रूढ झाली. त्यालाच ट्रान्सकोडिंग म्हणतात. लोक वैतागले, आणि त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. डीएलएनए ही संघटना 2017 साली विसर्जित झाली. संस्था संपली. तरी त्या काळातले टीव्ही घरातल्या हाकेला अजून ओ देतात. कारण ओ देण्यासाठी त्यांना त्या संस्थेची परवानगी कधी लागलीच नव्हती. सोय कमी होती, पण जी होती ती घराची होती.

आता दोन यंत्रं शेजारी शेजारी ठेवतो. माझ्या सगळ्या म्हणण्याचा गाभा इथे आहे.

पहिलं यंत्र स्क्वीझबॉक्स. कॅलिफोर्नियातल्या स्लिम डिव्हायसेस नावाच्या छोट्या कंपनीने 2001 साली संगणकावरचं संगीत नेटवर्कवरून वाजवणारा एक प्लेयर काढला, त्याच घराण्यातला हा. त्याचा सर्व्हर आपल्याच संगणकावर चालायचा आणि त्या सर्व्हरची मूळ संहिता सर्वांसाठी खुली होती. 2006 साली लॉजिटेकने ही कंपनी विकत घेतली आणि 2012 साली हे प्लेयर बंद करून टाकले. 2024 साली कंपनीने आपली ऑनलाइन सेवाही बंद केली. एखाद्या यंत्राचं मरण म्हणतात ते हेच. पण हे यंत्र मेलं नाही. खुल्या संहितेवर स्वयंसेवक काम करत राहिले. तो सर्व्हर आज लिरियॉन या नावाने चालतो आणि जुने स्क्वीझबॉक्स त्याच्यावर वाजतात. कंपनी निघून गेली, डबी राहिली.

दुसरं यंत्र गूगलचं क्रोमकास्ट. 2013 साली 35 डॉलरला आलं. सुटसुटीत आणि सुंदर. आपल्याला वाटतं की फोन चित्र टीव्हीवर पाठवतो. बहुतेक वेळा तसं होत नाही. फोन फक्त सांगतो, 'अमुक अमुक लाव', आणि डबी ते स्वतः जाऊन आणते. पण त्याआधी फोनवरचं अ‍ॅप डबीचं ओळखपत्र तपासतं : ही खरोखर गूगलने मान्य केलेली डबी आहे ना? या ओळखपत्रांच्या साखळीतल्या एका दाखल्याची मुदत दहा वर्षांची होती. 2015 साली निघालेल्या दुसऱ्या पिढीच्या क्रोमकास्टचा आणि क्रोमकास्ट ऑडिओचा तो दाखला 9 मार्च 2025 रोजी संपला. त्या दिवशी लोकांच्या घरी डबी धडधाकट होती, वीज होती, वाय-फाय होतं, इंटरनेटही होतं. तरी फोन म्हणाला, हे यंत्र विश्वासार्ह नाही. काही दिवसांनी गूगलने दुरुस्ती पाठवली आणि डब्या पुन्हा चालू लागल्या. कंपनी जगातल्या सर्वांत श्रीमंत कंपन्यांपैकी एक, पूर्ण जिवंत. आणि डबी मुकी.

म्हणजे कंपनी मोठी की छोटी, चालू की बंद, यावरून काही ठरत नाही. प्रश्न असा आहे, की वाजवायची परवानगी कुठून येते? घरातून की बाहेरून?

इथे मला आपल्या जुन्या नैयायिकांची मदत घ्यावीशी वाटते. 'स्व' म्हणजे काय, माझी वस्तू माझी आहे म्हणजे नेमकं काय आहे, यावर त्यांनी फार बारकाईने विचार केलाय. एक मत असं, की जी वस्तू यथेष्ट वापरता येते, म्हणजे मला हवी तशी वापरायला जी योग्य, ती माझी. सुमारे पाचशे वर्षांपूर्वी बंगालमध्ये रघुनाथ शिरोमणी नावाचे प्रखर बुद्धीचे नैयायिक होऊन गेले. त्यांनी 'पदार्थतत्त्वनिरूपणा'त हे मत खोडून काढलं. ते विचारतात, दुसऱ्याचं अन्नही माणूस खाऊ शकतोच की, मग ते त्याचं झालं का? त्यावर कुणी म्हणेल, शास्त्राने ज्याला मनाई केली नाही तोच वापर धरायचा. पण शास्त्र मनाई करतं ती 'दुसऱ्याचं घेऊ नको' अशी. म्हणजे 'दुसऱ्याचं' काय, हे आधीच माहीत हवं. व्याख्या फिरून तिथेच आली. म्हणून रघुनाथ म्हणतात, स्वत्व हा वापराहून वेगळा, स्वतंत्र पदार्थ आहे.

आमच्या वेळी वर्गात हे शिकवताना मुलं कंटाळायची. आज मला वाटतं, दुकानात जाण्याआधी प्रत्येकाने हे वाचावं. कारण ही डबी आपल्याला वापर देते आणि आपण समजतो, स्वत्व मिळालं. रोज गाणं लागतं तोवर दोन्हींत फरक दिसत नाही. 9 मार्चसारखा एखादा दिवस उजाडतो आणि मग तो दिसतो.

दुसरा जुना वाद. स्वत्व लौकिक की शास्त्रीय? माझं काय हे लोकव्यवहारातून कळतं की ग्रंथातून? 'मिताक्षरा' लिहिणारे विज्ञानेश्वर चालुक्यांच्या कल्याणीचे, म्हणजे आजच्या बसवकल्याणचे, इथून फार लांबचे नव्हेत. त्यांनी ठाम सांगितलं, की स्वत्व लौकिक आहे. ज्यांना शास्त्राचा गंधही नाही असे लोकसुद्धा खरेदी-विक्री करतात आणि माझं-तुझं ओळखतात. आजचं शास्त्र कुठलं? तर आपण न वाचता 'मान्य आहे' म्हणून बोट दाबतो, त्या अटी. दुकानात पैसे मोजून वस्तू घेतली, म्हणजे लौकिक अर्थाने ती माझी झाली. कंपनी म्हणते, थांबा, आमच्या शास्त्रात पाहा. मी विज्ञानेश्वरांच्या बाजूचा आहे.

आता सॉफ्टवेअरकडे येऊ. 2002 साली काही हौशी मंडळींनी मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स या खेळाच्या यंत्राची कुलपं काढून त्यावर चित्रपट लावणारा प्लेयर बनवला. तोच पुढे एक्सबीएमसी झाला आणि 2014 पासून कोडी. त्याच झाडाची फांदी म्हणजे प्लेक्स. प्लेक्स दिसायला देखणं आहे, चित्रपटांची पोस्टर लावतं, कुठपर्यंत पाहिलं ते लक्षात ठेवतं. पण त्याचा नेहमीचा मार्ग कंपनीच्या खात्यातून जातो. 2022 साली प्लेक्सकडची खात्यांची माहिती चोरांच्या हाती लागली आणि लोकांना पासवर्ड बदलायला सांगावं लागलं. 2025 साली, घराबाहेर असताना आपल्याच घरच्या सर्व्हरवरचं पाहायला पैसे लागू झाले. कंपनीला कमाई करायचा हक्क आहे, मी नाकारत नाही. पण माझ्या कपाटातला चित्रपट पाहण्यासाठी माझं नाव दूरच्या वहीत कशाला, हा प्रश्न उरतोच.

एम्बी नावाच्या दुसऱ्या सर्व्हरने 2018 साली आपली संहिता बंदिस्त केली. तेव्हा काही जणांनी आधीची खुली संहिता घेऊन जेलीफिन सुरू केलं. त्यात खातं लागतं, पण ते आपल्याच घरच्या यंत्रावरचं. माझ्या मते हा फरक फार मोठा आहे.

आता माझ्याविरुद्ध बोलतो, नाहीतर ही चिकित्सा एकांगी होईल. पहिला आक्षेप सुरक्षिततेचा. वाड्यातल्या हाकेला कुणीही ओ देतं हे खरं, पण चोरानेही हाक मारली तर? जानेवारी 2013 मध्ये रॅपिड7 या संस्थेने दाखवून दिलं, की कोट्यवधी यंत्रांची यूपीएनपी यंत्रणा बाहेरच्या इंटरनेटवरूनही हाकेला उत्तर देत होती. घरातल्या चौकासाठी केलेली व्यवस्था रस्त्यावर उघडी पडली होती. तेव्हा परवानगीच नको, असं माझं म्हणणं नाही. दाराला कुलूप हवंच. किल्ली घरात हवी, एवढंच म्हणतोय.

दुसरा आक्षेप सोयीचा आणि तो जास्त जड आहे. माझी सून मला म्हणाली, "बाबा, तुमचं स्वत्व ठीक आहे, पण दिवसभर ऑफिस करून आल्यावर तो सर्व्हर सांभाळायचा कुणी?" बरोबर आहे तिचं. जेलीफिन काय, लिरियॉन काय, कुणालातरी ते अद्ययावत ठेवावं लागतं, डिस्कची दुसरी प्रत करावी लागते. हे श्रम घरात बहुधा एकाच माणसावर पडतात आणि तो माणूस गेला की सगळी व्यवस्था त्याच्याबरोबर जाते. स्वत्व फुकट मिळत नाही, हे स्वच्छ सांगितलं पाहिजे. म्हणून सगळ्यांनी सर्व्हर चालवा, असा उपदेश मी करणार नाही. नवे चित्रपट, नवी गाणी भाड्याच्या सेवेवर ऐका-पाहा. भाडं आहे हे माहीत असलं की फसवणूक नाही. पण ज्याची दुसरी प्रत जगात कुठे नाही, आईचा आवाज, आजोबांची मुलाखत, गावच्या देवळातलं कीर्तन, ते अशा डबीच्या भरवशावर ठेवू नका.

तुम्ही म्हणाल, ओळखायचं कसं? एक परीक्षा सांगतो. तिला इंजिनिअर लागत नाही. घरातला राऊटर चालू ठेवा, फक्त बाहेरून येणारी इंटरनेटची तार काढा. डबी बंद करून पुन्हा सुरू करा. मग आपल्याच डिस्कवरचं एखादं गाणं लावून पाहा. लागलं, तर वाजवायची परवानगी घरातूनच येते आहे. नाही लागलं, तर ती डबी तुमच्या घरात आहे पण घराची नाही. नवं काही घेतलंत, की परत करायची मुदत संपायच्या आत हे करून बघा.

आम्ही त्या वर्षी काय केलं? पुतण्याने डिस्क काढून सरळ लॅपटॉपला जोडली. लॅपटॉपच्या बारीक स्पीकरवर आम्ही सगळे वाकून ओव्या ऐकल्या. आवाज किरटा येत होता, पण त्यासाठी कुणाला विचारावं लागलं नाही. वहिनीच्या प्रश्नाचं उत्तर मी तिला आता देतो : विचारावं लागू नये, अशीच व्यवस्था आपण करायला हवी होती, आणि ती करता येते.

इथे थांबतो.