शब्द मोजून लेख कळतो का?

शोधयंत्राच्या यादीत आपला लेख वर यावा म्हणून संकेतस्थळांसाठी लिहिणाऱ्यांना एक नियम सांगितला जातो : मुख्य शब्दाची 'घनता' दोन-तीन टक्के ठेवा, म्हणजे शंभर शब्दांत तो दोन-तीनदा यावा. नियमात आकडा आहे; पण तेवढ्याने तो शास्त्रीय ठरतो का?

मावळातील नवलाख उंबरे या गावावरचा लेख घ्या. मराठीत आपण 'उंबऱ्यात', 'उंबऱ्याला', 'उंबऱ्याहून' असे लिहितो. केवळ 'उंबरे' मोजणाऱ्याला यांतले एकही रूप दिसणार नाही. मग घनता वाढवण्यासाठी 'उंबरे येथे', 'उंबरे गाव' असा रतीब सुरू होतो. आकडा सुधारतो, भाषा बिघडते.

दुसरा दोष अधिक मूलभूत आहे. १९७२ मध्ये कॅरन स्पार्क जोन्स यांनी दाखवले, की पुष्कळ लेखांत आढळणाऱ्या शब्दापेक्षा मोजक्या लेखांत आढळणारा शब्द शोधाला अधिक उपयोगी पडतो. उंबरे नावाची गावे महाराष्ट्रात अनेक. 'नवलाख' म्हटले, की गाव नेमके कळते. घनतेच्या सूत्रात या विचाराला जागाच नाही. उलट, शब्दांची अशी कोंबाकोंबी गूगलच्या नियमांतही गैर मानली आहे.

निबंध तपासताना आपणही अपेक्षित शब्द मोजूनच गुण देत नाही ना? तसे असेल, तर मुलेही शब्द कोंबायलाच शिकतील.