भोळेपणाची सक्ती

‘पोरगा गेम खेळलाच नाही, म्हणून जिंकला.’ 6 ऑक्टोबर 2024 च्या रात्रीपासून हे वाक्य इतक्या तोंडांतून ऐकलं आहे की आता त्याला उत्तर देणं भाग आहे. सूरज चव्हाणच्या विजयाबद्दल माझी काहीच तक्रार नाही. बारामती तालुक्यातल्या मोढव्याचा, आईबापाविना वाढलेला, टिकटॉकवर आधी टिंगलीचा आणि मग कौतुकाचा विषय झालेला हा पोरगा ‘बिग बॉस मराठी’च्या पाचव्या पर्वात अभिजीत सावंतला मागे टाकून ट्रॉफी घेऊन गेला. नीरेच्या अलीकडे साताऱ्यात आणि खाली कृष्णाकाठी सांगलीत अनेकांना तो घरचाच विजय वाटला. तक्रार आहे ती त्या विजयातून काढलेल्या धड्याबद्दल. शहरातला स्पर्धक डोक्याने खेळतो, गावाकडचा मनाने राहतो आणि शेवटी मन जिंकतं, असा तो धडा आहे. वरवर तो गावाचा गौरव वाटतो. मला तो अपमान वाटतो, आणि आमच्या सातारा-सांगलीतून या कार्यक्रमात गेलेल्या माणसांचं काम पाहिलं की जास्तच वाटतो.

डावपेच आणि खरेपणा यांचं भांडण या खेळाच्या जन्मापासूनचं आहे. नेदरलँड्समध्ये 1999 ला ‘बिग ब्रदर’ सुरू झालं. पुढच्याच वर्षी त्याच्या ब्रिटनमधल्या आवृत्तीत निक बेटमन नावाच्या स्पर्धकाने चिठ्ठ्यांवर नावं लिहून सोबत्यांच्या नॉमिनेशनवर प्रभाव टाकायचा प्रयत्न केला. तो पकडला गेला आणि घराबाहेर काढला गेला. त्याला सगळ्यांसमोर जाब विचारणारा क्रेग फिलिप्स ते पर्व जिंकला. त्याच वर्षी अमेरिकेत ‘सर्व्हायव्हर’मध्ये रिचर्ड हॅच उघडपणे गट बांधून जिंकला आणि दहा लाख डॉलर घेऊन गेला. माणसाचा स्वभाव दोन्ही देशांत सारखाच होता, वेगळी होती ती मतपेटी. सोबतीच मत देतात तिथे डावपेच हा गुण ठरतो. घरी सोफ्यावर बसलेला माणूस मत देतो तिथे डावपेच लपवणं हाच सगळ्यात मोठा डावपेच होतो. आपल्याकडचा ‘बिग बॉस’ दुसऱ्या जातीचा आहे. नॉमिनेशन घरातले करतात, पण वाचवतात प्रेक्षक. त्यामुळे ‘मी जसा आहे तसा आहे’ हे वाक्य या घरात फुकट बोललं जात नाही, त्याला मतं पडतात. हे स्पर्धकाला ठाऊक असतं, वाहिनीला ठाऊक असतं. प्रेक्षकाला ठाऊक नाही असं मानणं मात्र मला जमत नाही.

विशाल निकम घ्या. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातलं देवीखिंडी हे त्याचं गाव. ‘दख्खनचा राजा जोतिबा’मध्ये जोतिबा साकारून आलेला हा देखणा, कसलेला नट 2021 चं तिसरं पर्व जिंकला तेव्हा सगळीकडे एकच विशेषण फिरत होतं: मातीतला. त्याने टास्कमध्ये अंग झोकून दिलं, मैत्री केली, मोडली, पुन्हा जुळवली, रागावला, रडला. आणि ‘सौंदर्या’ या एका नावाभोवती त्याने अख्ख्या महाराष्ट्राला तीन महिने कुतूहलात ठेवलं. ते नाव कधी घ्यायचं, किती घ्यायचं आणि पुढे काहीच सांगायचं नाही, हे कळणारा माणूस भोळा नसतो. कथा कुठे तोडायची हे त्याला उमगतं. मी हे दोष म्हणून सांगत नाही. नटाची ती समज आहे आणि ती चांगली समज आहे. पण विजयाच्या कौतुकात तिचा उल्लेख शोधून सापडत नाही. मातीच्या ढेकळासारखं त्याला हातात धरून सगळे म्हणाले, बघा, किती साधा.

खानापूर-आटपाडीचा माणूस साधा? या दुष्काळी पट्ट्यातली माणसं सोनं-चांदी गाळायचा गलाई धंदा घेऊन केरळपासून बंगालपर्यंत भारताच्या बाजारपेठांत गेली. परक्या भाषेच्या गावात सराफाचा विश्वास मिळवला, दुकानं थाटली, पैसा गावाकडे धाडला, घरं उभी केली. भोळेपणावर हे होत नाही. ज्या सातारा-सांगलीने इंग्रजांच्या नाकाखाली प्रतिसरकार चालवलं, त्या मुलखाच्या पोराला पडद्यावर फक्त निष्पाप म्हणून प्रवेश मिळावा, हे मला सहन होत नाही.

साताऱ्याचे अभिजित बिचुकले या चौकटीत बसत नाहीत, म्हणून त्यांच्याबद्दल थोडं. दुसऱ्या पर्वात, 2019 ला, ते घरात होते आणि चेक न वटल्याच्या जुन्या प्रकरणात सातारा पोलिसांनी त्यांना तिथूनच नेलं. पुढे ते परतही आले. वरळी, कसबा, बारामती अशा निवडणुका त्यांनी लढवल्या, कसब्यात 2023 ला 47 मतं पडली. साताऱ्यातल्या पोवई नाक्यावरचा माणूस आणि ‘बिग बॉस’च्या घरातला माणूस यांत मला तरी कधी फरक दिसला नाही. सोंग इतकं अखंड वठवलं की खरं-खोटं हा प्रश्नच तिथे गळून पडतो. पण त्यातून पुढचा स्पर्धक काही शिकेल असं नाही.

शिकण्यासारखं आहे ते किरण मानेंकडून. चौथ्या पर्वात, ऑक्टोबर 2022 ते जानेवारी 2023, साताऱ्याच्या या रंगभूमीच्या नटाने जे केलं, ते मराठी रिअॅलिटी टीव्हीमधलं सर्वांत परिपक्व काम आहे असं मी ठामपणे म्हणतो. 2022 च्या सुरुवातीला ‘मुलगी झाली हो’ मालिकेतून त्यांना काढलं गेलं होतं. राजकीय भूमिकेमुळे काढलं असं ते म्हणत होते, दुसरी बाजू त्यांच्या सेटवरच्या वागण्याकडे बोट दाखवत होती. हा वाद पाठीवर घेऊन ते घरात शिरले. अशा वेळी दोन सोपे मार्ग होते. अन्याय झालेला सरळ माणूस म्हणून सहानुभूती मागायची, किंवा गप्प राहून लोकांना विसरायला लावायचं. मानेंनी दोन्ही टाळले. ते कोपऱ्यात बसून माणसं वाचायचे, कोण कुणाशी कशासाठी जोडला गेलाय हे हेरायचे आणि हेरलेलं बोलून दाखवायचे. भाषा अस्सल सातारी, हेल न लपवलेला, पण तो हेल दयेसाठी वापरलेला नाही. ‘सातारचा बच्चन’ हे बिरुद त्यांनी मिरवलं, तेही पुरेपूर अभिनयाने. आणि त्याच माणसाची विकास सावंतशी जमलेली जवळीक पाहताना ती हिशेबाची आहे असं मला एकदाही वाटलं नाही. हिशेब होता, मायाही होती. एकाच माणसात, एकाच दिवशी, काही वेळा एकाच संवादात.

पर्वाच्या मध्यावर त्यांना सीक्रेट रूममध्ये ठेवलं तेव्हा तर हे उघडच झालं. आपल्यामागे लोक काय बोलतात ते पडद्यावर पाहायचं आणि मग त्याच लोकांत परत जायचं, ही परीक्षा कोणत्याही नटाला अवघड आहे. जे ऐकलं ते सगळं ओकून टाकायचा मोह होतो. मानेंनी काही सांगितलं, काही राखून ठेवलं. काय राखायचं याची ही निवडच कलावंताची खूण आहे. नाटकात नट प्रत्येक प्रयोगाला शेवट माहीत असून प्रवेश करतो आणि तरीही त्या क्षणी खरा असतो. मानेंनी ते कॅमेऱ्यांच्या घरात करून दाखवलं. त्यांना तिसरा क्रमांक मिळाला. जिंकला अक्षय केळकर, नीटनेटका खेळ, त्याबद्दल फार बोलण्यासारखं नाही.

बाकीच्या कार्यक्रमांबद्दल थोडक्यात. गाण्याचे रिअॅलिटी शो आता स्पर्धकाच्या गळ्याआधी त्याच्या घराचे गळके पत्रे दाखवतात, तिथे समीक्षेला जागा उरलेली नाही. ‘जाऊ बाई गावात’ने शहरी मुली गावात नेल्या, ‘चल भावा सिटीत’ने गावातले गडी शहरात आणले. दोन्हींचा पाया एकच: गाव म्हणजे निरागस, शहर म्हणजे हुशार. हा पायाच खोटा आहे.

आणि हा खोटेपणा आमच्या परंपरेला मुळीच धरून नाही. शाहीर पठ्ठे बापूराव वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे कुलकर्णी. ते तमाशाच्या बोर्डावर उभे राहिले. त्या फडातल्या सवाल-जवाबात समोरच्याला शब्दात अडकवणं ही कौतुकाची गोष्ट होती. कवलापूरच्या काळू-बाळूंनी जुळं असण्याचा पुरेपूर उपयोग करत हवालदारांचा घोळ रंगवला. कनातीतल्या माणसाला हे रचलेलं आहे हे पक्कं ठाऊक होतं, आणि म्हणूनच तो रचनेला दाद देत होता. सांगलीत 1843 ला विष्णुदास भाव्यांचं ‘सीतास्वयंवर’ झालं तेव्हापासून या मुलखाला सोंगाची पारख आहे. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांच्या आणि कवठेपिरानच्या मारुती मानेंच्या या भागात आखाड्यात ढाक मारणाऱ्या पैलवानाला कुणी लबाड म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. लबाड ठरते ती नुरा कुस्ती, निकाल आधी ठरवून केलेली.

‘बिग बॉस’च्या मतमोजणीवर मी शंका घेत नाही. इथे आधी ठरलेली असते ती भूमिका. चोवीस तास चित्रित होतं आणि आपल्यासमोर येतो त्यातला तुकडा. तो तुकडा निवडणारा हात हा घरातला सर्वांत मोठा डावपेची आहे, आणि त्याच्याबद्दल आपण कधी बोलत नाही. गावाकडचा स्पर्धक एकटा बसलेला दाखवायचा की कुणाशी मसलत करताना, हे तिथे ठरतं. मग आठवड्याच्या शेवटी सूत्रधार येतो. महेश मांजरेकरांच्या काळात ती चावडी होती, रितेश देशमुखांच्या काळात भाऊचा धक्का झाला. तिथे कोण खरा आणि कोण खोटा याचा निवाडा होतो. साध्याला शाबासकी, हुशाराला कानउघाडणी. स्पर्धक काय शिकणार? हुशार असशील तर झाकून ठेव.

सूरजच्या बाबतीत तर हे सर्वांत क्रूर झालं. ‘गुलीगत’ आणि ‘झापुक झुपूक’ हे शब्द लोकांच्या तोंडी बसवले त्यानेच. ते हावभाव, ते हातवारे, तो आवाज त्याने घडवला, आणि टिंगल होत असताना तसाच चालू ठेवला. हे कष्ट आहेत, ही कारागिरी आहे. ‘त्याला खेळता येत नाही, तो फक्त खरा आहे’ असं म्हणून आपण ती त्याच्याकडून काढून घेतली. एप्रिल 2025 ला केदार शिंदेंनी त्याला घेऊन चित्रपट केला, त्याचं नावही ‘झापुक झुपूक’. तिथेही त्याच्याकडून तोच भोळा पोरगा पुन्हा मागितला गेला. दुसरं काही करून बघ असं म्हणणारं कुणी त्या पडद्यावर मला दिसलं नाही.

पुरुषांना निदान भोळेपणाचं बक्षीस तरी मिळतं. बाईला ही सक्ती आणखी जड जाते. पुरुषाने गट बांधला तर डोकं चालवतोय, बाईने बांधला तर कारस्थान करतेय. मेघा धाडे 2018 ला पहिल्या पर्वात हिंदी ‘बिग बॉस’ बारकाईने पाहून आली होती. खेळ समजून खेळत होती, ते लपवतही नव्हती, आणि प्रेक्षकांनी तिला जिंकवलं. म्हणजे प्रेक्षकाला हुशारी चालते, हे पहिल्याच वर्षी सिद्ध झालं होतं. तरी पहिल्या पाच पर्वांत जिंकलेली ती एकटीच बाई. त्यानंतर पर्वामागून पर्व आपल्याला एक साधा, सरळ, मनाचा राजा शोधून दिला जातो आणि आपणही त्याला मत देऊन स्वतःच्या चांगुलपणावर खूश होतो.

उद्या जतची किंवा दहिवडीची एखादी मुलगी त्या घरात जाईल. पहिल्याच दिवशी तिला तिच्या दुष्काळाबद्दल आणि आईच्या कष्टांबद्दल विचारतील. तिने त्यावर सांगितलं की ‘ते सगळं आहे, पण मी इथे जिंकायला आलेय आणि कुणाला कधी नॉमिनेट करायचं याचा विचार मी घरूनच करून आलेय’, तर माझं मत तिला, आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांचीही मी मागून देईन.