फासा टाकलाच नाही!

संभाव्यतेच्या धड्याची सुरुवात बहुधा फाशाने होते. 'एक फासा टाकला असता सम अंक मिळण्याची संभाव्यता काढा.' मुले नमुना अवकाश लिहितात, ३/६ म्हणजे १/२ असे उत्तर काढतात, गुणही मिळतात. फासा मात्र कोणीच टाकलेला नसतो.

या पद्धतीने मोजणीला शिस्त लागते, हे मान्य. पण 'समसंभाव्य' हा शब्द तिच्यात हरवतो. अनुकूल निष्पत्तींना एकूण निष्पत्तींनी भागायचे, हे सूत्र सर्व निष्पत्ती समसंभाव्य असतील तरच चालते. ही अट व्याख्येत असते. उदाहरणांत तिची परीक्षा क्वचितच होते. मग दोन फाशांची बेरीज ७ येण्याची संभाव्यता विचारली, की एखादा विद्यार्थी म्हणतो, 'बेरजा २ ते १२, म्हणजे अकरा, उत्तर १/११.' आपण फळ्यावर ३६ जोड्यांचा तक्ता मांडून ६/३६ दाखवतो. तक्ता वहीत उतरतो, शंका मनात राहते.

या विद्यार्थ्याला हसू नये. फ्रेंच गणितज्ञ दालांबेर यांनी १७५४ साली विश्वकोशातील लेखात असाच घोटाळा केला होता. नाणे दोनदा उडवल्यास निदान एकदा छापा येण्याची संभाव्यता त्यांनी २/३ मानली. ती ३/४ आहे. पहिल्यांदाच छापा आला की खेळ संपला, म्हणून शक्यता तीनच, असे त्यांनी धरले. त्या तिन्ही समसंभाव्य नाहीत, हे निसटले.

इथे फिरकी उपयोगी पडते. पुठ्ठ्याची चकती घ्या, मध्यभागी टाचणीवर फिरणारा काटा बसवा. अर्धी चकती लाल, पाव निळी, पाव पिवळी रंगवा. रंग तीन असले तरी लालची संभाव्यता १/३ नाही, हे मुलांना पाहताक्षणी पटते. आता दुसऱ्या चकतीवर फाशांच्या प्रत्येक जोडीला १० अंश द्या. ३६ जोड्यांचे ३६० अंश होतात. बेरीज २ ला १० अंशांची चिंचोळी फाक मिळते, ७ ला ६० अंशांची. १/११ का चुकते, ते डोळ्यांना दिसते.

'सहा वेळा टाकले की एकदा सहा पडतो', असेही आपण सहज बोलून जातो. ४८ मुलांच्या वर्गात प्रत्येकाला सहा वेळा फासा टाकू द्या. एकदाही सहा न पडण्याची संभाव्यता ५/६ चा सहावा घात, म्हणजे सुमारे ०.३३. साधारण १६ मुले रिकाम्या हाताने परततील. कधी १३, कधी १९.

शेवटी फोडलेला अर्धा चिंचोका द्या. तो पालथा पडेल की उताणा? निष्पत्ती दोन, पण १/२ म्हणायला आधार काय? शंभरदा टाकून नोंद ठेवल्याशिवाय अंदाजही करता येत नाही. सूत्र कुठे थांबते, हे मुलांना इथे कळते. त्यासाठी एक तास गेला, तरी तो वाया गेला असे मानू नये.