छावणीतली फर्माईश
'बिनाका गीतमाले'चे श्रेय आपण अमीन सयानींच्या आवाजाला आणि केसकरांच्या काळात आकाशवाणीने चित्रपटगीतांकडे फिरवलेल्या पाठीला देतो. ते अपुरे आहे. १९५२ पासून ती गाणी कोलंबोहून कोकणात पोचली, कारण दुसऱ्या महायुद्धात माउंटबॅटन यांच्या आग्नेय आशिया कमांडने सैनिकांच्या करमणुकीसाठी तिथे 'रेडिओ सीॲक' हे लघुलहरी केंद्र उभारले होते. पुढे ते सिलोन सरकारकडे आले. रत्नागिरीला स्वतःचे केंद्र मिळाले थेट १९७७ मध्ये! आधी ऐकणाऱ्याचे नाव-गाव, मग गाणे, हा सिलोनवरच्या फर्माइशीचा रिवाज मला छावणीतलाच वाटतो. 'विविध भारती'च्या 'जयमाला'त तो पुन्हा फौजींकडेच गेला. घरटी एक माणूस मुंबईला धाडून मनीऑर्डरीची वाट पाहणाऱ्या रत्नागिरीकरांना त्याची गोडी वेगळी लावावी लागली नाही.