प्रतिध्वनीवर तारीख नसते

1989 साली बाल्टिक समुद्रात जहाजातून हवेचे धमाके करून 'बाबेल' सर्वेक्षण झालं. त्यातला बॉथनियाच्या आखाताचा छेद दाखवून सांगतात, "ही पाहा 190 कोटी वर्षांपूर्वीची टक्कर!"

इथं आपण थांबायला हवं. या छेदाच्या उभ्या अक्षावर मुळात किलोमीटर नसतात, सेकंद असतात. लहर खाली जाऊन परत यायला लागलेले. दहा सेकंद, वेग सेकंदाला सहा किलोमीटर धरला, तर खोली तीस किलोमीटर. म्हणजे खोलीही धरलेल्या वेगावर उभी! प्रावरणात उतरणारी तिरपी रेघ उमटते, हे खरं. ती बुडालेल्या भूपट्टाची खूण, हे अनुमान. नैयायिक लगेच विचारतील, व्याप्ती कुठाय? नंतरचा एखादा भ्रंश किंवा घुसलेला अग्निज खडकही तशी रेघ उमटवू शकतो. आणि वय? ते किनाऱ्यावरच्या खडकांकडून उसनं घेतलेलं.

मग हे अनुमान टाकायचं का? मुळीच नाही. खडकांचं वय आणि आजच्या टकरींतली तशीच रचना यांची साथ मिळाली की ते बळकट होतं. आमची हरकत त्याला छायाचित्र म्हणण्याला आहे. छायाचित्रापुढे माणूस गप्प बसतो. अनुमानाशी वाद घालतो. भूपट्ट तेव्हाही आजच्यासारखेच सरकत होते का, हे ठरवायला तो वाद हवाच.