रेम्ब्रांटचें ‘तीन झाडें’ : रेषा व रचना

जुन्या कागदांच्या संग्रहांत एखादें कोरीव निसर्गचित्र आलें म्हणजे संग्राहकाचा पहिला प्रश्न ‘हें स्थळ कोणतें?’ हा असतो. प्रश्न गैर नाहीं. परंतु तेथेंच थांबल्यास चित्राची योग्यता नकाशाएवढीच उरते. या मुद्द्याच्या विवेचनास डच चित्रकार रेम्ब्रांट याच्या १६४३ सालच्या ‘तीन झाडें’ या चित्राहून चांगलें उदाहरण आम्हांस दिसत नाहीं.

तांब्याच्या पत्र्यावर तेजाब, सुई व कोरणी या तिहींच्या साह्यानें सिद्ध केलेलें हें चित्र सुमारें २१ सेंटिमीटर उंच व २८ सेंटिमीटर रुंद असून, रेम्ब्रांटच्या कोरीव निसर्गचित्रांत तें सर्वांत मोठें आहे. उजवीकडे उंचवट्यावर तीन झाडें, डावीकडे दूरवर पसरलेलीं सपाट शेतें आणि क्षितिजावर एक शहर. तें आम्स्टरडॅम असावें असा सामान्य समज आहे. पण पत्र्यावरून छापतांना डाव्याचें उजवें होतें. म्हणून स्थळनिर्णयाच्या कामीं हा पुरावा जपूनच घेतला पाहिजे.

रेषेचा पुरावा मात्र बळकट आहे. शेतांस आडव्या व विरळ रेषा, ढगांस वळणाच्या, पालवीस गर्द व गुंतलेल्या. आणि डाव्या वरच्या कोपऱ्यांत पट्टीनें आखल्यासारख्या तिरप्या, कठोर सरळ रेषा. या शेवटच्या रेषा चित्राच्या मृदुतेस बाधक आहेत असा आक्षेप कोणी घेईल, व प्रथमदर्शनीं आम्हांसही तसेंच वाटलें. परंतु तो कोपरा कागदानें झांकून पाहावा. सारा भार उजवीकडे कलतो आणि झाडांमागील उजेड निस्तेज होतो. कागद काढतांच पावसाचा काळोख व झाडांचा काळोख एकमेकांस तोलूं लागतात. ज्यास आपण दोष म्हणत होतों, तोच रचनेचा आधार ठरतो.

माणसेंही या रेषांतच मुरलेलीं आहेत. डावीकडे पाण्याकांठीं गळ टाकून बसलेला मनुष्य व त्याच्याजवळची स्त्री सहज दिसतात. टेकाडाच्या माथ्यावर चित्र काढीत बसलेली आकृति शोधावी लागते. आणि उजव्या खालच्या झुडपांतील प्रेमी युगुल तर अनेकांच्या नजरेंतून सुटतें.

येथेंच संग्राहकाचा खरा कस लागतो. सुईनें थेट पत्रा ओरखडला असतां रेषेच्या कडेस धातूची बारीक कोर उभी राहते. ती शाई धरते आणि छापांत मखमली काळेपणा उतरतो. थोडेसे छाप निघतांच ही कोर झिजते. त्यामुळें पत्रा एकच असला तरी त्याचे सर्व छाप सारख्या मोलाचे नसतात. उशिराच्या छापांत सावली करडी पडते, आणि काळोख व उजेड यांचा तोलही ढळतो.

एका पोथीच्या दोन प्रती हातीं आल्या तर आपण पाठभेद पाहिल्यावांचून राहत नाहीं. कोरीव चित्राचे दोन छापही तसेच शेजारीं ठेवून, भिंग घेऊन, रेषेगणिक ताडून पाहावे. स्थळाचें नांव मागाहून लिहितां येईल. झिजलेली रेषा मात्र परत मिळावयाची नाहीं.