‘माय वे’ : स्वत्वाची उसनी चाल

फ्रँक सिनात्राने १९६९ साली प्रसिद्धीस आणलेले ‘माय वे’ हे गीत अस्सल जगण्याची ग्वाही म्हणून ऐकले जाते. आयुष्याच्या अखेरीस उभा असलेला निवेदक आपण आपल्याच रीतीने जगलो, असे ठामपणे सांगतो. ही रीत कोणती, हे मात्र संहिता सांगत नाही. खंतींचा उल्लेख होतो आणि त्या मोजक्याच म्हणून लगेच बाजूला सारल्या जातात. ज्यांच्यासह वा ज्यांच्या विरोधात हे आयुष्य गेले, त्यांपैकी एकालाही येथे चेहरा नाही. मृत्यूच्या सान्निध्यात अस्तित्ववाद्यांना अभिप्रेत असलेला आत्मशोध येथे घडत नाही. घडतो तो हिशेब, आणि तोही केवळ जमेच्या बाजूचा.

चाल वेगळीच साक्ष देते. ती मूळची १९६७ च्या फ्रेंच गीताची. संगीत क्लोद फ्रान्स्वा व जाक रेव्हो यांचे. त्या गीताचे शीर्षकच ‘नेहमीप्रमाणे’ अशा अर्थाचे असून त्यात प्रेम आटलेल्या जोडप्याचा यांत्रिक दिनक्रम आहे. इंग्रजी शब्द पॉल अँकाने रचले, तेही सिनात्राची बोलण्याची ढब डोळ्यांपुढे ठेवून. म्हणजे हा ‘मी’ एकाने दुसऱ्यासाठी बेतलेला. (गीतप्रकारात असे नेहमीच घडते, दोष तेवढ्यात नाही.) लक्षणीय आहे तो स्वरांचा चढ. फ्रेंच गीतात घुसमट वाढवणारा चढ इंग्रजीत विजयघोष होतो. सिड व्हिशसने १९७८ मध्ये हे गीत विद्रूप करून गायले, तेव्हा त्या घोषातील पोकळी प्रथम ऐकू आली; सिनात्राच्या संयत गायनाने ती झाकली होती.